डबा वाढवला

आमच्या लातूरच्या घरात टीव्हीखालच्या फळीवर एक काळा डबा होता. वीतभर उंच, पुढे बारीक हिरवे दिवे. विकणाऱ्याने त्याला नॅस म्हणतात असं सांगितलं होतं. घरातल्या वायफायला जोडायचा साठवणीचा डबा, आत दोन हार्ड डिस्क, त्यात जे ठेवाल ते घरच्या टीव्हीवर किंवा फोनवर बघा. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी त्याला 'डबा' म्हटलं आणि मग मीही डबाच म्हणू लागले. त्या डब्यात दोन गोष्टी होत्या. एक, मी शिकवलेल्या रसायनशास्त्राची लेक्चरं. दुसरी, माझी आई. अकरा सेकंद.

आई भूकंपात गेली. मी चार वर्षांची होते. गौरी-गणपतीला ती माहेरी गेली होती, औशाच्या पुढे. मला ताप होता म्हणून मला अप्पांपाशी लातूरला ठेवलं. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी परत येणार होती. बाकीचं आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. एवढंच सांगते, की आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. पण त्या आठवड्यात कोणाच्यात काय करतात हे बघायला कोणाला वेळ नव्हता. मिळेल त्या लाकडांवर सगळ्यांना एकत्र जाळलं. अप्पा गावात पोचले तेव्हा त्यांच्यासाठी बघायलाही काही उरलं नव्हतं.

अप्पांचा फोटो स्टुडिओ होता, गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर. लग्नांचं व्हिडिओ शूटिंगही करत. खांद्यावर मोठा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा दिवा घेऊन त्यांनी खेडोपाडी लग्नं काढली. भूकंपानंतर दोन-तीन महिन्यांनी लोक स्टुडिओत यायला लागले, ते मला अंधुक आठवतं. त्यांच्या घरात एकही फोटो उरला नव्हता, पण अमक्या लग्नाच्या पंगतीत आमचा भाऊ बसला होता, बघा की कॅसेटमध्ये. अप्पा कॅसेट लावायचे, माणूस टीव्हीला नाक लावून बसायचा, "हे बघा, हे" म्हणायचा, आणि अप्पा कॅसेट तिथेच थांबवून टीव्हीचाच फोटो काढायचे. थांबवलेल्या चित्रावर एक पांढरी आडवी रेघ थरथरत असे. ती फोटोतही यायची. आजही त्या भागात कुणाच्या भिंतीवर हार घातलेला, गळ्यावरून पांढरी रेघ गेलेला फोटो दिसला, तर तो अप्पांचा हे मी सांगू शकते.

पुढे लातूरचे दिवस पालटले. बारावीच्या निकालात आमच्या गावाचं नाव यायला लागलं आणि गल्लोगल्ली क्लास उघडले. जिथे बघावं तिथे खोल्या भाड्याने द्यायच्या पाट्या. परभणीची, बीडची, पार विदर्भातली मुलं ट्रंका घेऊन उतरायची आणि आधी पासपोर्ट फोटो काढायला अप्पांकडे यायची. "आधी मेलेल्यांचे काढले, आता जित्त्यांचे," अप्पा म्हणायचे, पण हसून नव्हे. मीही त्याच घाण्याला जुंपले गेले. आधी विद्यार्थिनी म्हणून, मग मास्तरीण म्हणून. रसायनशास्त्र शिकवायला लागले, आणि नांदेडमध्ये क्लासचं पेव फुटलं तेव्हा तिथे जास्त मान मिळतो म्हणून नांदेडला गेले. सोमवार ते शुक्रवार नांदेड, शनिवार-रविवार लातूर. एसटीच्या त्या रस्त्यावर माझ्या उमेदीची वर्षं गेली.

फोटोग्राफरच्या घरी आईचे फोटो किती, तर दोन. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एक लग्नाचा, एक रेशनकार्डाचा. पण मावशीच्या लग्नाची कॅसेट अप्पांनी स्वतः काढली होती आणि त्यात आई एकदा बोलते. बाकी सगळीकडे पाठमोरी, कामात. एकदाच कॅमेऱ्यासमोर अचानक वळते, कडेवर मी, आणि पदराने तोंड पुसत म्हणते, "अवो, मला काय घेऊन राहिलाव? नवरीला घ्या की. माझं काय, मी रोजचीच हाय." एवढंच. आईचा आवाज म्हणून माझ्यापाशी जे काही आहे ते एवढंच.

ती कॅसेट कितीतरी वर्षं आम्ही लावली नव्हती, आणि लावायला गेलो तर तिच्यावर पांढरी बुरशी. नांदेडला एका गल्लीत जुने व्हीसीआर दुरुस्त करणारे एक चाचा होते. मी अप्पांच्या सगळ्या कॅसेटी दोन पोत्यांत घालून त्यांच्याकडे नेल्या. ते फीत बोटांनी सोडवून कापसाने पुसायचे आणि कॉम्प्युटरवर उतरवायचे. आईची कॅसेट त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "बेटा, ही एकच बार चालणार. बाहेर निघाली की खतम." तसंच झालं. उतरली, आणि शेवटाला फीत तटकन तुटून यंत्रात गुंडाळली गेली. चाचांनी तो गुंता एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला आणि माफी मागितल्यासारखा चेहरा केला.

मी ती पिशवी लातूरला आणली. अप्पांनी ती हातात घेतली. अंगणात कढीपत्त्याच्या झाडापाशी गुडघाभर खड्डा केला, जंगमांना, म्हणजे आमच्यातल्या पुरोहितांना, बोलावलं नाही, पण स्वतः कपाळाला भस्म लावलं, पिशवीतला गुंता मूठभर भस्मासह खड्ड्यात ठेवला आणि माती लोटली. वर पाणी शिंपडलं. मी दारात उभी होते. चोवीस वर्षं राहून गेलेलं काम ते करत होते हे कळायला मला जरा वेळ लागला.

म्हणून मग डबा घेतला. सगळ्या कॅसेटी त्यात भरल्या. अप्पांनी स्टुडिओ तेव्हा विकला होता आणि दुपारभर त्यांना कामच नसायचं. रिमोट हातात आला आणि ते खूश झाले. टीव्हीवर चौकोनांची रांग यायची, प्रत्येक चौकोनात एक लग्न. रोज एखादं लग्न लावायचे. "ह्याच्या घरचं कुनीच न्हाई उरलं," असं सांगत सांगत बघायचे. शेवटी आईचे अकरा सेकंद. मग चहा.

डब्यात माझी लेक्चरं नसती तर पुढचं काही घडलं नसतं. पण मी प्रत्येक तास रेकॉर्ड करत होते. रविवारी वरच्या खोलीत कॅमेरा लावून शिकवायचे ते वेगळं, आणि नांदेडचे रोजचे तास नेटवरून लातूरच्या डब्यात जाऊन पडायचे ते वेगळं. एकच धडा तीन-तीन वर्षांचा. अभ्यासक्रम बदलला तरी जुनं काढलं नाही. का, ते सांगते. क्लासच्या धंद्यात मास्तरला दर जूनला बदलतात. आज फ्लेक्सवर फोटो, उद्या त्याच फ्लेक्सचं कुणाच्या तरी गोठ्यावर छप्पर. आपण एवढं शिकवलं याचा काहीतरी पुरावा कुठेतरी असावा असं मला वाटायचं. कोणी बघणार नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं.

डबा भरत आला. आधी काही कळलं नाही. मग ते चौकोन उशिरा यायला लागले. आधी सगळे राखाडी. मग एकेक उजळायचा, वरून खाली, कपाळ, डोळे, हनुवटी. कधी अर्ध्यावर थांबायचा आणि नुसतं कपाळ दिसत राहायचं. अप्पा रिमोट मांडीवर ठेवून वाट बघायचे. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, "बसा, येऊन राहिलेत."

मी त्यांना समजावलं. डब्यात मोकळी जागा उरली नाही की नवी फाईल एका ठिकाणी मावत नाही, तुकडे करून मिळेल त्या फटीत कोंबावी लागते. यात्रेच्या एसटीत एका घरची माणसं जागा मिळेल तशी वेगवेगळ्या बाकांवर बसतात, उतरताना सगळ्यांना हाका मारून गोळा करावं लागतं, तसं. त्यात माझी लेक्चरं सारखी वरून येऊन पडतात, तीही त्याच डिस्कला लिहून घ्यावी लागतात. अप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजी तुझ्या लेक्चरांला जागा करायला ह्यांनी सरकून बसायचं." मी म्हटलं, तसं नाही. मनात म्हटलं, तसंच आहे.

पिवळा दिवा लागला, नव्वद टक्के. तेव्हा मी एक शहाणपणा केला. डब्यातल्या दोन डिस्क म्हणजे एकच माल दोनदा, एक गेली तर दुसरी शाबूत, अशी मांडणी होती. मी ती मोडली आणि दोन्ही मिळून एकच मोठी जागा केली. वर्गात मुलांना सांगायचे, नोट्स दोन ठिकाणी ठेवा रे. लोका सांगे ब्रह्मज्ञान. वर्षभरात तीही जागा भरली.

भरलेल्या डब्याला आवाज आला. दुपारी तीनला त्याचं आतलं काम चालायचं, मीच ती वेळ लावून दिली होती. आधी हलकी गुरगुर, मग खट, मग परत गुरगुर. फळी लाकडी, भिंतीला ठोकलेली, त्यामुळे आवाज भिंतीतून फरशीत उतरायचा. एका शनिवारी मी तीनच्या सुमाराला घरी पोचले तर अप्पा भर उन्हात अंगणात उभे, पायात चपला, हातात चष्म्याची डबी. आत टीव्ही चालू. मी विचारलं काय झालं. म्हणाले, "काय न्हाई. आवाज थांबला की आत जातो."

भूकंपाच्या आधी वर्षभर त्या गावांत भुईतून गुरगुर यायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आई उन्हाळ्यात माहेराहून आली तेव्हा अप्पांना सांगत होती, की दावणीची जनावरं उठून उभी राहतात आणि तासभर बसत नाहीत. अप्पा तेव्हा तिला हसले होते.

"हार्ड डिस्क हाय ती अप्पा," मी म्हटलं. "भुई न्हाई."

"हाव," ते म्हणाले. पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

त्याच सुमाराला आई थांबायला लागली. "माझं काय, मी," एवढं म्हणायची आणि चित्र तिथेच थिजायचं. पदर तोंडापाशी, ओठ किंचित उघडे, डोळे थेट आमच्याकडे. मी एकदा मोजलं, नऊ सेकंद. मग "रोजचीच हाय." पुढच्या महिन्यात चौदा. थांबायची ती नेहमी तिथेच, 'मी'नंतर. मी चिडून रिमोट आपटायचे. अप्पा नाही चिडायचे. "ऱ्हाऊ दे," म्हणायचे. "थांबली की जरा बघता येतंय. एरवी लगीच वळती."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. डबा नुसता भरलेला असेल तर तो कुठेही अडखळतो, आज इथे, उद्या तिथे. रोज त्याच अक्षराला अडखळणं म्हणजे डिस्कचा नेमका तेवढा भाग मरत चालला होता आणि ती तो पुन्हा पुन्हा वाचून बघत होती. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्या कुणाचा डबा असता तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण त्या चेहऱ्याकडे बघताना माझं डोकं चालायचंच नाही, आणि अप्पांच्या म्हणण्यात मलाही थोडी गोडी वाटायला लागली होती.

त्या डब्यात एक सोय होती. तो आपला आपण व्हिडिओंतली सगळी चित्रं धुंडाळून एकाच माणसाचे चेहरे एका गठ्ठ्यात लावायचा आणि नाव विचारायचा. एका रविवारी फोनवर बघते तर बिननावाचा एक मोठा गठ्ठा, वर विचारलेलं, ही व्यक्ती कोण? उघडला. राखाडी चौकोन, नेहमीसारखे. पहिला उजळला तो आईचा. दुसरा आईचा. तिसऱ्यात मी, फळ्यासमोर, हातात खडू. चौथ्यात मी. पाचव्यात ती. सगळ्या गठ्ठ्यात आम्ही दोघी एकमेकींत मिसळून गेलो होतो. मी तेव्हा तिच्या शेवटच्या वयापेक्षा आठ वर्षांनी मोठी होते. चौकोन इतके सावकाश उजळत होते, की कपाळ दिसलं तरी कुणाचं ते हनुवटी येईपर्यंत मलाच कळत नव्हतं. मी फोन अप्पांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "ह्यात तू कोणती?"

मला त्या प्रश्नाची भीती वाटली. त्या रात्री मी ठरवलं, आता नवी डिस्क टाकायची. लेक्चरं काढून टाकली असती तरी भागलं असतं. अर्ध्या तासाचं काम. अप्पाही म्हणाले होते, "ती जुनी काढ की माय, कोन बघतंय?" तेवढं मात्र मी केलं नाही.

डब्यात तिसरी डिस्क घालायला एक कप्पा रिकामा होता. पुढच्या रविवारी संध्याकाळी ती घातली आणि सगळा माल तीन डिस्कवर नव्याने पसरायचं काम लावून दिलं. मोकळा डबा असता तर रात्रीत झालं असतं. आमचा तोंडोतोंड भरलेला, शिवाय एक डिस्क आजारी. पडद्यावर आलं, पन्नास तास. मधे वीज जायला नको म्हणून डबा इन्व्हर्टरवर घेतला. सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून दारातून म्हटलं, "अप्पा, डबा वाढवायला लावलाय. बुधवारपर्यंत चालंल."

"बुधवारी वाढवायचा?"

"हां, बुधवारपर्यंत वाढंल." माझी एसटी चुकत होती.

मंगळवारी दुपारी तीनला, दोन बॅचच्या मधे मी नांदेडच्या क्लासच्या जिन्यात उभी होते. खाली दीडशे मुलं एकदम उतरत होती. फोन वाजला. अप्पा.

"लई आवाज करून राहिलाय गं. फरशीला पाय लावला तरी कळतंय."

"करणारच अप्पा. काम चालू हाय त्याचं."

"वाढवू का आता?"

मला वाटलं, ते विचारतायत, चालू दे का असंच. पडद्यावर काही प्रश्न आला असेल आणि हो-नाही दाबायचं असेल, असंही एक क्षण वाटलं. अप्पांनी माझा शब्द उचलला याचं कौतुकही वाटलं. "हाव अप्पा," मी म्हटलं, "वाढवा."

संध्याकाळी खोलीवर आल्यावर फोन केला. "झाला का वाढवून?"

"हाव, तवाच वाढवला. तू म्हणल्याबरोबर." त्यांचा आवाज किती दिवसांनी मोकळा लागत होता. "आता एकदम शांत हाय."

शांत म्हटल्यावर मी सकाळच्या पहिल्या एसटीची वेळ बघितली.

आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ वाढवतात. हातातली बांगडी पिचली तर ती वाढवली म्हणतात. कुठलीही गोष्ट संपवताना संपली म्हणायचं नाही, ही सगळ्या महाराष्ट्राचीच रीत, पण भूकंपानंतर अप्पांनी ती घरात कायदा करून टाकली होती. बंद, पडलं, फुटलं, गेलं हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. रेडिओ वाढवायचे. शेगडी वाढवायचे. रोज रात्री आठला स्टुडिओ वाढवून घरी यायचे. त्या घरात वाढलेली मुलगी मी, आणि मला त्या शब्दाचा एकच अर्थ आठवला. नांदेडच्या वर्गात, फळ्यावर वापरतो तो.

त्यांनी सगळं रीतीने केलं होतं, मागून सांगितलं. आधी बटण बंद, मग पिन काढली, मग इन्व्हर्टरचीही वायर काढली. दिवे विझल्यावर डबा ओल्या फडक्याने पुसला, त्याला हात जोडले आणि वर स्टुडिओतल्या कॅमेऱ्याचं काळं कापड घातलं. दुकान विकायच्या शेवटच्या दिवशीही त्यांनी असंच केलं होतं.

पहिल्या एसटीने मी लातूरला आले. डबा लावला. हिरवे दिवे लागले, आजारी डिस्कचा नाही लागला. आत काही नव्हतं. टीव्हीवर राखाडी चौकोनसुद्धा नव्हते. मी दिवसभर त्याच्यापुढे बसले, अप्पा माझ्यामागे खुर्चीवर. संध्याकाळी ते म्हणाले, "मी तुला इचारलंवतं."

"हाव अप्पा."

"तू वाढवा म्हणलीस."

मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो राग मला हवाही होता. तो असेपर्यंत माझ्या लेक्चरांचा विचार करावा लागत नव्हता. या वाक्यानंतर तो राग धरून ठेवता आला नाही.

तिन्ही डिस्क हैदराबादला एका माणसाकडे नेल्या, मेलेल्या डिस्कमधून माल काढून देणाऱ्या. दीड महिन्याने त्याने यादी पाठवली. लेक्चरं जवळजवळ सगळी मिळाली. तीन-तीन प्रतींमध्ये. लग्नं काही मिळाली, काही अर्धी. मावशीच्या लग्नाच्या फाईलचं नाव यादीत होतं, पुढे आकाराच्या रकान्यात शून्य. मी ती ओळ क्लासच्या स्टाफरूममध्ये वाचली, वही उचलली आणि वर्गावर गेले. त्या दिवशी काय शिकवलं ते आठवत नाही. रेकॉर्ड केलं नाही.

पुढच्या शनिवारी घरी आले तेव्हा तीन वाजले होते. अप्पा अंगणात, पायात चपला. डबा घरात नव्हता, फळी रिकामी होती.

"आता कशाला बाहेर?" मी विचारलं.

"येतोय आवाज."

मी ऐकलं. रस्त्यावरून कुठल्यातरी क्लासची बस जात होती, दुसरं काही नव्हतं. पण मी आत जाऊन फळीला कान लावून बघितलं, हेही सांगायला हवं. मग मागच्या दारातून खुरपं घेतलं आणि कढीपत्त्याच्या झाडापाशी जाऊन बसले. फीत बुरशी लागलेली होती, तुटलेली होती, तीन पावसाळे मातीत होती, आणि नांदेडच्या चाचांचं दुकान जाऊन तिथे झेरॉक्सवाला आला होता, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी पहिला घाव घातला.

अप्पांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. "मातीत दिल्यावर काढत न्हाईत," ते म्हणाले. "एकदाच देता आली मला. ऱ्हाऊ दे."

मी रडले. ते शेजारी मातीतच बसले. मग मी म्हटलं, "अप्पा, ती कशी बोलायची, एकदा म्हणून दाखवा."

त्यांनी लाजत घसा साफ केला. मान वळवली, तोंडापाशी हात नेला, आणि बाईमाणसासारखा नाही, स्वतःच्याच आवाजात, पण नेमक्या तिच्या चालीवर म्हणाले, "अवो, मला काय घेऊन राहिलाव? नवरीला घ्या की. माझं काय, मी." आणि थांबले. ओठ किंचित उघडे, डोळे माझ्यावर. पापणी हलली नाही. मी मनातल्या मनात मोजत होते हे मला दहापर्यंत आल्यावर कळलं. चौदाला ते म्हणाले, "रोजचीच हाय."

"आई थांबायची न्हाई अप्पा तिथं," मी म्हटलं. "डबा थांबायचा."

ते गोंधळले. ओठ हलवत मनाशी एकदा म्हणून बघितलं, परत एकदा, आणि दोन्ही वेळा त्याच जागी अडले. "मग कशी म्हणायची?" त्यांनी विचारलं. "तू म्हन बरं."

मी तोंड उघडलं. "माझं काय, मी," एवढं आलं, आणि पुढचं येईना. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिले.